शंभर टक्के निकालाची शाळा

माझ्या मामाच्या घरी मी दोन वर्षं आणि वर थोडे दिवस राहिले, आणि त्या घरातल्या एकाही माणसाविषयी मला आज माया वाटत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. वय झालं की माणूस मवाळ होतो, जुन्या गोष्टींना हसून घेतो, असं लोक म्हणतात. माझे केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, पण हसून घ्यायचं मला अजून जमलेलं नाही. माझी सून म्हणते, आई, लिहिताय तर चांगलं चांगलं लिहा, पोरं वाचतील. पोरांनी वाचावं म्हणूनच मी जसं झालं तसं लिहून राहिले.

मामाचं घर आखाडा बाळापूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून होतं. सकाळी गिरणी सुरू झाली की सगळ्या घराला हादरा बसायचा. मांडणीवरची पितळेची भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणायची आणि ती किणकिण संध्याकाळपर्यंत थांबायची नाही. पिठाची पांढरी धूळ खिडकीतून आत यायची. ती पुसायचं काम माझं. म्हशीचं दूध काढायची ती मामी, पण शेण माझं, पाणी माझं, वैरण माझी. भाकऱ्या दोन्ही वेळच्या माझ्या. ज्वारीच्या भाकरी मी चांगल्या करायची, हे त्या घरातलं माझं एकमेव कौतुक. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, असं साधंच जेवण असायचं. उपाशी मला कुणी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, आणि दुधावरची साय ज्योतीची, हे न सांगता ठरलेलं होतं. ज्योती म्हणजे मामाची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात.

"तू आलीस ते बरं झालं बाई," मामी शेजारणींच्या देखत म्हणायची, "ज्योतीला अभ्यासाला टाइम मिळून राहिला."

मी तिथं कशी आले ते सांगते. आमची मेंढरं होती. वारंगा फाट्यापासून आत आमचं गाव. पावसाळ्यात तिथं राहायचं, सुगी झाली की कळप घेऊन बाहेर निघायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पुढं सरकायचं. मी लहानपणी सोबत जायची. त्यामुळं गावातल्या शाळेत माझं नाव कायम असायचं आणि मी निम्मं वर्ष नसायची. सातवीपर्यंत असंच रेटत नेलं. मग माझ्या मायनं ठरवलं की हिला दादाकडं ठेवायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दत्तराव मामा, बाळापूरच्या हायस्कूलात गणिताचे मास्तर. सगळ्या नात्यागोत्यात नोकरीला लागलेला तो एकटाच. माय त्याचं नाव घ्यायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. "माझा भाऊ मास्तर हाय. त्याच्याजवळ राहिलीस तर तुझं सोनं होईल," असं म्हणून तिनं मला माझ्या वाकळेसकट त्या घरात नेऊन सोडलं.

आठवीच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं की वर्गात जे चाललंय त्यातलं मला काहीच येत नाही. फळ्यावर अक्षरांची बेरीज चालली होती आणि मला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. इंग्रजीचं तर नावच नको. माझ्याशेजारी बाकावर बसायला पोरी तयार नसायच्या, ज्योतीनंच पहिल्या दिवशी नाकाला ओढणी लावून सांगितलं होतं, "हिच्या अंगाला मेंढराचा वास येतो." त्या वासाची मला लाज वाटली नाही कधी. पण तेव्हापासून मी मागच्या बाकावर गेले ती गेलेच. मामा तासाला मुद्दाम मला फळ्यापाशी बोलवायचा. मी खडू हातात धरून उभी. तो वर्गाकडं तोंड करून म्हणायचा, "हे बघा, हे आमच्या घरचंच लेकरू. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा." वर्ग हसायचा. ज्योती सगळ्यात जास्त हसायची.

आठवीत कशीबशी सुटले. नववीत गणित आणि इंग्रजी दोन्ही गेलं, आणि मला वर ढकललं.

संध्याकाळी ओसरीवर मामा शिकवण्या घ्यायचा. गावातली बरी बरी पोरं यायची. मी आज हे कुणाला सांगितलं की लगेच लोकांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहतं, पोरगी चुलीपाशी बसून कान देऊन ऐकत असेल, राखेत गणितं सोडवत असेल. तसलं काही झालं नाही. चुलीपाशी गणित ऐकू येत नाही. तिथं धूर असतो, शेजारच्या गिरणीचा आवाज असतो, आणि मामी "चहा ठेव" म्हणून ओरडत असते. मी चहा द्यायला ओसरीवर जायची आणि कपबशा घेऊन परत यायची. एकदा सगळी पोरं गेल्यावर मी धीर करून विचारलं.

"मामा, मला अपूर्णांक येत न्हाईत. एकडाव सांगता का?"

"वर्गात सांगतो तवा कुठं असतीस?"

"वर्गात पुढचं चालू असतंय. मला मागचंच येत न्हाई."

"मग मागचं मागं राहू दे." तो खुर्चीत रेलला. "काय करायचंय तुला गणित शिकून?"

"मला कॉलेजात जायचंय."

मामा मोठ्यानं हसला. एवढ्यावर भागलं नाही, त्यानं मामीला हाक मारली. "अगं ए, बाहेर ये! ऐक ही काय म्हणून राहिली!" मामी पदराला हात पुसत आली, आणि मामानं मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. दोघंही हसली.

कॉलेजात जाऊन काय करायचं हे मला तरी कुठं ठाऊक होतं. मी कॉलेज पाहिलेलंही नव्हतं. पण त्या घरातून बाहेर पडायचे दोनच रस्ते होते. एक लग्नाचा, आणि त्याची बोलणी मामीनं नववीतच सुरू केली होती. दुसरा हा.

दहावीची शाळा सुरू झाली त्या दिवशी हजेरी घेताना माझं नाव आलंच नाही. ज्योतीचं आलं, पुढची आली, वही मिटली. मी उभी राहिले. "सर, माझं नाव राहिलं." वर्गशिक्षक माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या मामाला विचार." मी शिक्षकांच्या खोलीकडं गेले. मामा पान जुळवत बसला होता. मला बघून बाहेर व्हरांड्यात आला आणि हळू आवाजात, अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागला. तसं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

"हे बघ गंगे. तुझा दाखला काढलाय. तू सतरा नंबर भर."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न बसता बाहेरून परीक्षा द्यायची. नापास झालेले, शाळा सोडलेले लोक तो फॉर्म भरतात.

"काहून मामा? मी तर शाळेत येऊन राहिले."

"शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा ठरलंय. तुझ्यासारखे पाच-सहा जण हाईत, त्यांच्यानं निकाल खाली येतो. तू घरीच राहा, मामीला मदत कर, जमलं तर परीक्षा दे. तुला काय तकलीफ हाय त्यात?"

"मला कोण शिकवील?"

"आतापर्यंत शिकवलं, त्याचं काय झालं?" असं म्हणून तो आत गेला.

मी दप्तर घेतलं नाही. तशीच स्टँडवर गेले. वारंगा फाट्याच्या जीपचा ड्रायव्हर आमच्या गावचा होता. त्यानं काही न विचारता मला पुढं बसवलं. फाट्यावरून गावापर्यंत पायी गेले. मेंढरं नुकतीच परत आली होती. माय एका लंगडणाऱ्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होती. मला बघून तिला आनंद झाला. "सुट्टी पडली का गं?"

मी सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा माझ्यावरच कठीण होत गेला.

"दादा असं करणार न्हाई. तूच काही तरी केलं असशील."

"मी काही केलं न्हाई माय."

"मग काम करायची न्हाईस तू. उलट बोलली असशील मामीला."

मी तिच्यापुढं हात धरले. शेणानं आणि चुलीनं तळव्यांची कातडी कशी झाली होती ते तिला दाखवलं. माय मेंढपाळाची बायको, तिला हात वाचता येत होते. तिनं मेंढीचा पाय सोडला आणि माझ्या बापाला म्हणाली, "उद्या मी बाळापूरला जाते." बाप म्हणाला, "मी काय बोलू तिथं? तूच जा." तो चांगला माणूस होता, पण भांडण दिसलं की कळपाकडं वळायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हेडमास्तरांच्या खोलीत उभ्या होतो. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मामाला बोलावणं गेलं; तो येऊन कपाटाला टेकून उभा राहिला आणि बहिणीकडं बघेना.

"बाई, तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच केलंय," हेडमास्तर म्हणाले. "शाळेत बसून नापास होण्यापेक्षा बाहेरून बसली तर तिच्यावर ताण नाही. आणि पालक म्हणून तुमच्या भावाचीच संमती आहे."

"पालक मी हाय."

"इथं ते होते."

"म्हंजी माझी पोरगी काढली की तुमचे शंभर भरतात, व्हय?"

"आमच्या शाळेचं नाव आहे, बाई. पटण्यासारखं नसेल तर दुसरी शाळा बघा."

माय मामाकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "दादा, ही तुझ्या घरात दोन वर्षं राहिली. तू गणिताचा मास्तर. मग हिला गणित काहून येईना?"

"डोकंच न्हाई तिला. मी काय करू?"

"डोकं न्हाई. अन् भाकरी थापायला, शेण काढायला चाललं का ते डोकं?"

"घरातलं भांडण घरी करा," हेडमास्तर उठले.

"घर कुठलं?" माय म्हणाली. "हिला तिथं घर व्हतं का, ते तर इचारून राहिले मी."

दाखला आमच्या हातात पडला. शाळेनं मला परत घेतलं नाही. काही जणांना वाटतं, आई भांडली की दार उघडतं. आमच्यासाठी ते बंदच राहिलं. तिथून माय थेट मामाच्या घरी गेली, माझी वाकळ आणि कपड्यांचं बोचकं उचललं. मामी दारात आडवी आली. "अहो वन्सं, जेवून तरी जा." माय तिच्या बाजूनं निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती भावाच्या घरून पाणी न पिता निघाली होती, आणि रस्ताभर माझ्यावरच चिडत होती, जणू मीच तिला तसं करायला लावलं होतं.

आमच्या गावापासून दोन गावं सोडून एक लहान शाळा होती, पाचवी ते दहावी. तिथं पोरं कमी पडत होती, म्हणून मला बिनबोभाट घेतलं. तिथं गणित आणि विज्ञान शिकवायला देशमुख बाई होत्या. त्यांचा मोठा वाटा आहे माझ्या आयुष्यात, आणि तरीही त्यांच्याविषयी गोड लिहायला माझा हात वळत नाही. मोठ्या शेतीवाल्या घरची सून, अंगावर कायम इस्त्रीची साडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण चुकून जन्मलो असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक अपूर्णांकाची बेरीज घातली. मी अंश अंशात मिळवला आणि छेद छेदात.

"दहावीत कशी आलीस तू?"

"वर घातलं."

"कोणी घातलं त्याला घेऊन ये माझ्यासमोर." मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "मेंढरं मोजता येतात का तरी? उद्यापासून गणिताच्या तासाला पाचवीत बसायचं."

मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दंडाला धरून पाचवीच्या वर्गात नेलं आणि पहिल्या बाकावर, दोन बारक्या पोरांच्या मधे बसवलं. माझे गुडघे त्या बाकाखाली मावत नव्हते. पोरं मला ताई म्हणायची आणि माझं उत्तर चुकलं की टाळ्या पिटायची. दहावीतली पोरं खिडकीतून बघायला यायची. मी घरी जाऊन मायला सांगितलं, "मला न्हाई जायचं. त्या बाईनं माझा तमाशा केलाय."

"शिकवती का ती?"

"शिकवती."

"मग होऊ दे तमाशा."

मी गेले. त्या बाईनं मला पाचवीतून सहावीत, सहावीतून सातवीत नेलं. दिवाळीच्या सुमाराला मी आठवीच्या वर्गात होते, आणि दहावीचं बाकीचं सगळं सोबत चालूच. चुकलं की त्या रागवायच्या नाहीत, फक्त पुसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." बरोबर आलं तरी म्हणायच्या, "पुढचं." एखादा शब्द कौतुकाचा नाही. उलट मधूनच, "तुमच्या लोकांत पोरींना शिकवायची पद्धत नाही, त्याला मी काय करू," असलं काही तरी. मी त्यांचा द्वेष करायची आणि त्यांच्याच धाकानं पहाटे उठायची. त्या वर्षी माझ्या शाळेसाठी कळप जवळपासच्याच रानात ठेवला होता; इंग्रजीचे धडे मी त्याच्यामागं चालत पाठ केले. हळद शिजवायचे दिवस आले. शिवारभर तो कडवट उग्र वास पसरला, कढयांखालचा जाळ रानोरान दिसायचा, आणि मी बांधावर बसून समीकरणं सोडवत होते. आणि एक दिवस ती सुटायला लागली. कुणी पाठ थोपटली नाही, मला एकटीलाच कळलं. सुटलेलं समीकरण मी पुन्हा पुन्हा वाचत बसले, तोवर मेंढरं लोकाच्या हरभऱ्यात शिरली.

एकदा मी बाईंना विचारलं, "बाई, तुमी मला एवढं काहून शिकवता?"

"तुझ्यासाठी नाही शिकवत. चुकलेलं गणित मला बघवत नाही," त्या म्हणाल्या, आणि तेच खरं असावं.

परीक्षेच्या केंद्रावर खिडक्यांतून चिठ्ठ्या आत येत होत्या. बाईंनी आधीच बजावलं होतं, "तुझ्या हातात चिठ्ठी दिसली तर मीच पकडून देईन." माझ्या बाकावर येऊन पडलेली चिठ्ठी मी पायानं पुढं सारली आणि माझं मला आलं तेवढं लिहिलं. निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला, गणितात त्याहून चांगले गुण. बाई म्हणाल्या, "भूमितीत घालवलेस." बस. त्यांना भेटायला मी पुढं कधी गेले नाही. त्यांनीही कधी चौकशी केली नाही.

मी पुढं कॉलेजात गणितच शिकवलं. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसायचं काम माझ्याकडं असायचं. आई-बाप पोराला पुढं करून विचारायचे, "मॅडम, आठवी-नववीत लई मागं पडला, आता काही होईल का?" मी गोड बोलत नसे. कुठल्या इयत्तेपासून येत नाही ते विचारायची, आणि तिथवर मागं जायची लाज वाटत असेल तर इथं वेळ घालवू नका म्हणायची. कितीतरी जण दुखावून गेले. काही परत आले.

तर, माझा प्रवेश. हिंगोलीच्या कॉलेजात विज्ञान शाखेला. यादीत नाव खाली होतं, पण होतं. माय सोबत आली होती. आत टेबलाशी एक प्राध्यापक कागद बघत होते, आणि आमच्या मागं रांगेत मामा आणि ज्योती. ज्योतीला माझ्याहून जास्त गुण होते. मामानं मायकडं बघून मान हलवली, मायनंही हलवली. वर्षभरात पहिल्यांदा दोघं समोरासमोर आले होते, आणि मायच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली.

प्राध्यापकांनी विचारलं, "दहावीला शाळा का बदलली?"

मी बोलायच्या आत मामा पुढं झाला. "सर, माझी भाची हाय. माझ्याच घरी व्हती. मी बाळापूरला गणित शिकवतो. पाया आपणच पक्का करून दिला." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

प्राध्यापक खूश झाले. "वा! घरातच गुरू."

मी तो हात काढला. "सर, यांनी मला शाळेतून काढलं, कारण माझ्यामुळं शाळेचे शंभर टक्के भरत नव्हते. दोन वर्षं यांच्या घरी मी भाकरी केल्या. गणित मी दुसरीकडं शिकले."

मामाचं तोंड उतरलं. ज्योती खाली बघू लागली. प्राध्यापकांनी घाईघाईनं माझे कागद पुढं सरकवले. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण ते वाटणं मी कुणाला देऊन टाकलं नसतं.

स्टँडवर माय पाठ फिरवून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "भरल्या लोकांत त्याचं पाणी उतरवलंस. भाऊ हाय माझा."

"तूबी बोलली व्हतीस, हेडमास्तरासमोर."

"मी बहीण हाय. मी बोलीन. तू कोण?"

गाडीत ती वेगळ्या बाकावर बसली. त्या दिवाळीलाही मामा भाऊबीजेला आला नाही, पुढंही कधी आला नाही, आणि माय दर वर्षी ताट करून ठेवायची. ते ताट बघून मला वाईट वाटायचं. बोलल्याचं वाईट मात्र वाटलं नाही.

मागच्या वर्षी मामा गेला. मोबाईलवर ज्योतीचाच फोन आला, आत्याला द्या म्हणाली. माय आता माझ्याकडंच असते, फार थकली आहे, पण जायला निघाली. दारात काठी टेकून उभी राहिली आणि मला विचारलं, "तू येतीस?"

"न्हाई."

"मेल्या माणसावर राग धरू नये गं."

"मी जित्या माणसावर धरला व्हता माय. तो मेला, त्याला मी काय करू?"

मग माझ्या मुलानं तिला हात धरून गाडीत बसवलं. मी आत आले आणि जेवायला बसले.